सी-चौदा, सी-पंधरा

—नाही नाही, उठू नका, बरोबर बसलात. तिकिटावर सी-पंधराच आहे ना? मग झालं. मी आपलं विचारलं, कारण सत्तावीस वर्षं ह्या खुर्चीवर आमची ही बसते आणि आज बघतो तर तुम्ही. दचकलो जरा. बसा. फक्त मागे रेलू नका लगेच, ती पाठ कुरकुरते, आणि ऐन सुरुवातीला कुरकुरली की पुढचे ते टकलावाले डॉक्टर आहेत ना, ते असं वळून बघतात की माणसाला वाटावं आपण चोरीच केली. आणि एक विनंती. ही मधली हात टेकायची पट्टी — ती आज माझ्याकडे असू द्या. तशी दोघांची आहे, मान्य, पण तुमचं कोपर तुमच्या मांडीवर ठेवा. काही झालं तरी इकडे आणू नका. का ते विचारू नका हो, वय झालं की माणसाला एकेक खोड लागते, त्यातलीच समजा.

तिकीट मिळालं कुठं पण? खिडकीवर तर सकाळपासून हाउसफुल्लची पाटी आहे. बाहेर एका बाईंनी दिलं? राखाडी स्वेटर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला — हां. नुसतंच दिलं, पैसे नाही घेतले. असं. मी ओळखतो का? ओळखतो थोडंफार. एकोणतीस वर्षं एका घरात राहिल्यावर होतेच ओळख. काही म्हणाल्या का तुम्हाला? म्हणजे निरोप वगैरे — राहू दे, राहू दे, आता नको, मग सांगा. तब्येत चांगली आहे तिची, तसं काही नाही. वर बसलीय, बाल्कनीत. हौस. वर नंबर नसतात, जो आधी जाईल त्यानं जागा धरायची, रुमाल टाकून, पिशव्या ठेवून, बसस्टँडसारखं. काय ऐकू येतं तिथं? काही नाही. पंख्याचा आवाज येतो. पण एकदा तिनं मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी — जाऊ दे. आपण गाण्याबद्दल बोलू.

प्रत्यक्ष ऐकायला पहिल्यांदाच येताय ना? कळतंच हो. तुम्ही कार्यक्रमपत्रिका वाचताय. मुरलेला माणूस ती वाचत नाही, तिनं वारा घेतो. घरी ऐकता, कानात ती बोंडं खुपसून? चांगलं आहे, पण ते म्हणजे कसं, तिथं वाजवणारा कधीच चुकत नाही. चुकलेलं कापून टाकतात. इथं समोर बसून ऐकण्यात काय मजा आहे सांगू? तो आत्ता येईल, व्हायोलिन हनुवटीखाली धरेल, गज उचलेल — आणि एक क्षण सातशे माणसं श्वास धरतात. त्यातली दोनशे खोकला धरतात, ते वेगळं. पण त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं पुढं काय होणार, त्यालाही नाही. गज टेकला की लाकडाचा बारीक खर्र आवाज येतो, तो तुमच्या बोंडांत येत नाही. तो श्वास घेतो ते ऐकू येतं. तबल्यावरचा त्याच्याकडे बघून हसतो ते दिसतं. आणि मग फिरत फिरत, लांबलांबचे वळसे घेत तो त्या ठरलेल्या ठोक्यावर येऊन टेकतो — सम म्हणतात तिला — आणि अख्खा हॉल एकदम मान हलवतो. त्या क्षणासाठी यायचं. मी सत्तावीस वर्षं येतोय.

आता खरं सांगायचं तर अख्खा हॉल माझ्याकडे बघून मान हलवतो. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण तुम्ही नवे आहात, तुम्हाला कोण सांगणार. डॉक्टरांकडे लक्ष ठेवा. मी 'वा' म्हटलं की अर्ध्या सेकंदानं त्यांचं टक्कल हलतं. आधी कधीच नाही. मागे डी रांगेत वही घेऊन बसलेत ते पेपरात परीक्षण लिहितात, मी दाद दिली की त्यांचं पेन चालू होतं, मी गप्प बसलो की ते नखं बघतात. पहिल्या रांगेत प्रायोजक. ते उघड्या डोळ्यांनी झोपतात, त्यालाही साधना लागते. आणि कलावंत? कलावंत बसल्याबरोबर आधी इकडे नमस्कार करतो. सी-चौदाला. नावानं मला कोणी ओळखत नाही इथं, चहावालासुद्धा म्हणतो, 'सी-चौदा, साखर किती?'

नाही, मी गाणं शिकलेलो नाही. छे. मी वजनंमापं तपासणीत होतो, छत्तीस वर्षं. दुकानदाराचा तराजू बघायचा, वजन बरोबर असेल तर शिशाचं सील ठोकायचं, नसेल तर जप्त. एकदा सील बसलं की गिऱ्हाईक परत मोजून बघत नाही. इथंही तसंच आहे थोडंफार — मी ठोकलं की लोक मोजत नाहीत. आणि आज तर काय, मध्यंतर झाल्यावर मंडळ मला मानपत्र देणार आहे. 'रसिकाग्रणी'. उत्तम श्रोता म्हणून. ऐकल्याबद्दल मानपत्र — आमचा सेक्रेटरी काहीही काढतो डोक्यातून, पण मी कशाला नाही म्हणू? त्यावर दोन शब्द बोलायचेत, आज काय ऐकलं त्याबद्दल. लिहून आणलंय. हो, ऐकायच्या आधीच लिहिलंय, त्यात काय, ते वहीवालेही तसंच — चला, दिवे मंदावले. कोपर, तेवढं कोपर सांभाळा. शू. तुम्ही फार बोलता.

···

बसा. उठू नका, मध्यंतर वीस मिनिटांचं आहे, चहा कुठं पळून जात नाही. लोक बघतायत? हसा माझ्याकडे बघून. हसा, म्हणजे वाटेल आपण सुरांवर बोलतोय. हां. आता सांगा — तुम्हाला मी सांगितलं होतं की नव्हतं? हात जोडून सांगितलं होतं. कोपर इकडे आणू नका म्हणून.

शिंक आली. मान्य. रुमाल खिशात होता, खिसा ह्या बाजूला होता, सगळं मान्य. शिंक तुम्ही दाबलीत, तुमचं कौतुक. पण कोपर लागलं. इथं, बरोबर इथं, दंडाच्या खाली. आणि नेमकं त्याच क्षणी त्याच्या व्हायोलिनची खुंटी सरकली आणि तार उतरली — ऐकलंत ना? मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. तुमच्यासारख्या नव्या माणसालाही कळलं, तुमच्या तोंडावर दिसलं मला. आणि मी काय केलं? 'वाहवा.' साधं 'वा' नाही. हात वर करून, मान टाकून, अगदी पोटातून — 'वाहवा'. तो बिचारा खुंटीला हात घालत होता, त्यानं वर बघितलं. डॉक्टरांचं टक्कल हललं. मग सगळी सी रांग, मग डी, मग टाळ्या. टाळ्या, त्या उतरलेल्या तारेला. प्रायोजक दचकून जागे झाले आणि उभे राहिले. आणि मग त्या व्हायोलिनवाल्यानं काय केलं? त्याला वाटलं असणार, सी-चौदा म्हणतोय तर असेल काहीतरी. त्यानं मुद्दाम तार उतरवून तेच पुन्हा केलं. एकदा नाही, तीनदा. तबलेवाला कपाळाला हात लावायचा बाकी होता, हात मोकळा असता तर लावलाच असता. आणि ते वहीवाले — आत्ता जाताना मला म्हणाले, 'नवी वाट सापडली हो आज.' उद्या छापून येणार ते.

हसू नका. हसा, हसा, लोक बघतायत. पण खरंखुरं हसू नका.

का ओरडलो विचारताय. आता तुमच्यापासून काय लपवायचं, कोपर तुमचंच. ऐका. लग्नानंतर दोन वर्षांनी हिनं मला पहिल्यांदा इथं आणलं. ही तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजला होती, दिवसभर कानाला तेच, नुसत्या 'हॅलो'वरून सांगायची की हा माणूस रडून आलाय की जेवून आलाय. असले कान. आणि मी? मला सूर काय, ताल काय, सगळं सारखंच. दहाव्या मिनिटाला माझा डोळा लागला. घोरायलाही लागलो असेन. तर हिनं कोपर मारलं. मी धडपडून जागा झालो, काही सुचेना, तोंडातून निघालं — 'वा!' आणि नशीब बघा, नेमक्या समेवर. नेमक्या. तेव्हा कुणी एक मोठे सारंगीवाले होते, त्यांनी वाजवणं न थांबवता मला मान लववली. सगळा हॉल वळून बघायला लागला, हा कोण जाणकार. त्या दिवशी मला काय वाटलं सांगू? आयुष्यात मला बघून लोकांनी फक्त तराजू लपवले होते. पहिल्यांदाच माझ्याकडे कोणीतरी आदरानं बघत होतं. मला ते आवडलं. फार आवडलं.

पुढच्या वेळी मीच म्हटलं हिला, मार कोपर, जिथं छान असेल तिथं मार. ती हसली. मग ते बसूनच गेलं. करंगळी लागली की नुसती मान हलवायची. कोपर हलकं लागलं की 'वा'. जोरात लागलं की 'वाहवा', हातासकट. चिमटा म्हणजे गप्प. ह्या पट्टीवर, सत्तावीस वर्षं, अंधारात, कुणाला पत्ता नाही. मंडळानं दोन्ही खुर्च्या आमच्यासाठी कायमच्या राखून ठेवल्या — म्हणजे माझ्यासाठी, तिला काय, सौ. सी-चौदा. परदेशातून आलेला एक बासरीवाला माझ्या पाया पडलाय, विचारा कुणालाही. मी आशीर्वाद दिला. ही बाजूला उभी होती, त्याची बासरीची पिशवी धरून.

नाही, भांडण नाही झालं. भांडण झालं असतं तर बरं. मागच्या आठवड्यात मानपत्राचं पत्र आलं. ही ओट्यापाशी मटार सोलत होती. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, 'आपल्या सखोल श्रवणाबद्दल'. ती सोलत राहिली. मग म्हणाली, 'अहो, गेल्या महिन्यात दुसऱ्या भागात काय वाजवलं हो त्यांनी?' आता मला काय आठवणार. मी म्हटलं, काहीतरी संथ होतं. म्हणाली, 'मलाही नाही आठवत.' मी म्हटलं, तुला आठवत नाही असं कसं होईल? तर म्हणाली, 'मी ऐकत नव्हते. मी पुढं काय येणार त्यावर लक्ष ठेवून होते. तुम्हाला वेळेवर सांगायचं असतं ना. सत्तावीस वर्षांत मी एक मैफल सलग ऐकलेली नाही.' मग शेंगांची सालं गोळा केली आणि म्हणाली, 'रविवारी मी वर बसणार आहे.' एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पण मी काय बोललो माहितेय? मी म्हटलं, 'ह्याच रविवारी? मानपत्राच्या दिवशी?' हे बोललो मी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मटार धुवायला घेतले.

आता तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा लबाड आहे, ह्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि येऊन बसतो मिरवायला. मलाही तसंच वाटायचं. पण मग घरी रेडिओवर लागलं की मला झोप येते आणि इथं कधी आली नाही, त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही नाही, ते का? सांगा ना. मी ह्या आठवड्यात त्याचाच विचार करतोय. त्याचं असं आहे — समेच्या जरा आधी तिचा हात ताठ व्हायचा. कोपर लागायच्या आधी. हा इथं, दंडाला दंड लागलेला असायचा, तो हळूहळू ताठ, ताठ, श्वास अडकलेला, आणि मग ठोका पडला की सगळं सैल. लय मला कानानं कधी कळली नाही, पण तिच्या हातातून कळायची. मी ती ऐकायचो. मला त्याचं वेड होतं, मी त्यासाठी यायचो. लोक मान हलवायचे ते आवडायचंच, नाही कशाला म्हणू, पण ते नंतर. आणि मला वाटायचं तिलाही तेच आवडतं. तिचं ऐकणं मीच खातोय हे सत्तावीस वर्षांत डोक्यात आलं नाही. दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात नोकरी गेली आणि घरातला एकदा उचलून बघितला नाही.

एक ऐकलंत का मघाशी? टाळ्या चालू असताना, तार दुसऱ्यांदा उतरवली तेव्हा — वरून कुणीतरी हसलं. बाल्कनीतून. मोठ्यानं, तोंडावर हात ठेवून पण तरी फुटलंच असं. ऐकलंत ना? ती हसली. तीच ती, मी शंभरात ओळखीन. असं हसलेलं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, इथं ती हसायची कुठं, इथं ती ड्यूटीवर असायची. सगळा हॉल 'वाहवा' करत होता आणि एकटी ती खरं ऐकत होती. आणि तुम्ही. तुम्ही शिंकत होतात, पण ठीक आहे.

बरं, आता सांगा. तिकीट देताना काय म्हणाली ती? मघाशी मीच नको म्हटलं, घाबरलो होतो. सांगा.

पुन्हा सांगा.

'शेजारी बसतील त्यांना कोपर लागू देऊ नका. आज त्यांचं त्यांना ऐकू दे.'

असं म्हणाली. त्यांचं त्यांना. म्हणजे तिला वाटतं मला ऐकू येईल. अजून वाटतं तिला. मला वाटलं होतं ती कंटाळली. नाही, थांबा, डोळ्यात काही नाही गेलं माझ्या, सरळ रडू येतंय, रडू द्या दोन मिनिटं. आणि तुम्हाला सांगू, मघाशी त्या गोंधळानंतर, मी लाजेनं खाली मान घालून बसलो होतो ना, तेव्हा शेवटी शेवटी त्यानं काहीतरी वाजवलं, अगदी हळू, एकाच तारेवर, गज थांबतोय की काय असं — तेव्हा कुणाचं कोपर नव्हतं. मी मान हलवली नाही म्हणून डॉक्टरही स्वस्थ होते. आणि माझा हा हात आपोआप ताठ झाला. आपोआप. ठोका पडला आणि सैल झाला. बरोबर होतं की चूक, देव जाणे. माझं मी ऐकलं.

घंटा झाली. सेक्रेटरी माईकपाशी आला, बघा, फ्रेम घेऊनच आलाय. हे घ्या माझं भाषण. कुठंही टाका. तुमची नजर चांगली असेल, वर बघा जरा, डाव्या बाजूला, खांबाच्या पलीकडे. राखाडी स्वेटर. दिसली? शेजारी कोण बसलंय? कुणी नाही? नीट बघा, बाल्कनी भरलीय म्हणता ना. खुर्चीवर काय आहे? पिशवी. कापडी, निळी. तिचीच. पण ती पिशवी कधी खुर्चीवर ठेवत नाही हो, पायाशी ठेवते, नेहमी पायाशी — वर जागा धरायची असेल तरच —

सरका. पाय घ्या बाजूला. कोणती फ्रेम, कोणतं मानपत्र, बोलावू द्या त्याला. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसणार आहे मी, एक शब्द बोलणार नाही, माझा दंडसुद्धा लागू देणार नाही तिला ऐकताना. जाऊ द्या मला, दिवे जातील. आणि तो माझ्या नावानं शोधायला लागला ना, तर त्याला सांगा, चौदा रिकामी आहे.